शेवटचं दुकान

नौबादच्या आमच्या दुकानात दर गुरुवारी लोबानवाले बाबा येतात. मोरपिसांनी वारा घालत गल्ल्यापासून मागच्या पोत्यांपर्यंत धूर पोचवतात. एखादा कोपरा राहिला की परत फिरतात.

त्या धुरानं माझ्या चार वर्षांच्या लेकीला खोकल्याची उबळ यायची, छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी दमा सांगितला, पंप दिला, धूर बंद करायला लावला. बाबांना हे सांगताना मीच अडखळलो. ते नुसतं “व्हय अण्णा” म्हणाले.

पुढच्या गुरुवारी ते आलेच. तीच फेरी, तेच कोपरे, पण धूर दिसेना. राहवलं नाही म्हणून मी धूपदाणीला हात लावला. गार!

“हे कामून, बाबा?”

“तुमचं दुकान शेवटाला ठेवलंय. नळावर इझवून आलो.”

लेक मोरपिसांखाली तोंड वर करून उभी होती.