कापरा आवाज

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात, डोंगराच्या आड. शेजारच्या जिल्ह्यातल्या रेडिओ केंद्रावर मी निवेदिका म्हणून लागले तेव्हा साऱ्या गावानं पेढे खाल्ले, पण माझा आवाज काही तिथवर पोचेना. मोबाईलवर ऐकावं, तर रेंज बोलण्यापुरतीच. माझे वडील, आमचे आण्णा, मात्र गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. जुन्या टीव्हीचा अँटेना त्यांनी पुन्हा गच्चीवर चढवला, रेडिओला जोडला आणि इकडेतिकडे फिरवत मला एकदाचं पकडलंच.

माझे ते दिवस वाईट होते. शहरात ओळख ना पाळख, खोली नुसती खायला उठायची. नोकरी सोडून घरी जायचं मी मनात पक्कं केलं होतं, कुणाला सांगितलं तेवढं नव्हतं. माईकसमोर मात्र एकदम ठणठणीत! त्याचा मला भारी तोरा.

एके दुपारी पाहते तो केंद्राच्या फाटकात आण्णा. बीडला गाडी बदलून आलेले, हातात सीताफळांची पिशवी.

"काल कावून रडत व्हतीस?"

"मी? कुठं?"

"रेडिओवर. आवाज लई कापत व्हता. फोनवर तू बरीच हाय म्हनतीस, म्हनून आलो."

मला हसू आवरेना. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी त्यांना चहा देऊन समजावलं, "काका, डोंगरापलीकडं लहर सरळ पोचत नाही. पण वरची हवा सदा घुसळत असते, कुठं गरम, कुठं गार. तिच्यामुळं लहरी विखुरतात आणि त्यातल्या चिमूटभर तुमच्या गच्चीवर उतरतात. हवा हलती, म्हणून आवाज थरथरतो. पोरगी मजेत आहे."

आण्णांनी कप खाली ठेवला. "म्हंजी हवेनं कापला म्हना की." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् आता कावून रडतीस?"

मग मी सगळं सांगून टाकलं. आण्णा थोडे दिवस खोलीवर राहिले. सीताफळं वाटत त्यांनी गल्लीभर ओळखी केल्या, त्याही माझ्या नावानं. नोकरी सोडायचं राहूनच गेलं. वरची हवा जरा गुण्यागोविंदानं नांदली असती, तर त्या दिवशी फाटकात कुणीच आलं नसतं. तिचे उपकार मी कसे विसरू?

अजूनही आवाज थरथरला की आण्णांचा फोन येतो.

"आज बी हवाच व्हती ना?"

"हवाच होती, आण्णा," मी म्हणते. आता ते बहुतेक वेळा खरं असतं.