शालनने बांधलेला दुभाषी

शालन आधी काय नको ते सांगायची. माझ्या ओसरीवर पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "आज्जे, चहा नको, गप्पा नकोत. सगळ्या दिग्गी गावात तुझ्याच ओसरीला रेंज हाय, तेवढी पायजे." लोकांना ती उद्धट वाटे. मला बरी वाटली.

आई अंथरुणाला खिळली म्हणून ती बेंगळुरूहून आली होती. ऑफिसने अट घातली : खेड्यांतल्या दवाखान्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आपलं काम चालवून दाखव, मग गावातच राहा. नाहीतर परत ये.

तसला एक जुना कॉम्प्युटर तिने ओसरीवर मांडला. माणसाने लिहिलेलं यंत्राला समजावणारा एक दुभाषी असतो म्हणे. तयार मिळणारा त्यावर चालेना, म्हणून ती तो मुळापासून बांधत होती. सुरुवातीलाच काय घालायचं, काय वगळायचं ते सांगावं लागतं.

पहिल्यांदा तिने वेगवान मागितला. तो तयार होता होईना. मध्येच करंट गेला. दुसऱ्या दिवशी वेग वगळला. "आज पळणारा नको, आज्जे. चालणारा पायजे."

दुपारी तो झाला. ऑफिसची मुदत त्याच संध्याकाळची.

"झालं म्हणतंय न्हवं? पाठव की," मी म्हटलं.

"झालं म्हणतंय. पण काय सोडलं ते बी वर लिवलंय." माहिती कुलूपबंद पाठवायचा भागच राहिला होता.

"कुणाला कळतंय?"

"लोकांची दुखणी उघड्यावर जातील, आज्जे. तुझा गुडघासुद्धा."

तिने राहिलेलं सामान नेटवरून उतरवलं, आधी बांधलेलं सगळं पुसलं आणि पुन्हा बांधायला घेतलं. करंट पुन्हा गेला. या वेळी इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी दम टाकू लागली. मी लेकाला जीपची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडायला लावली. "मला रामनगरला जायचं हाय," तो कुरकुरला. "उद्या जा," मी म्हटलं. अंधार पडायच्या आत काम ऑफिसला गेलं. शालन राहिली.

पुढे तिची आई गेली, स्वतःच्या घरात, लेकीच्या हातचं पाणी पिऊन. दिवसकार्य उरकल्यावर शालनने बॅग भरली.

"इथनं काम चालतंय की," मी म्हटलं.

"आईसाठी राहिले हुते, आज्जे. ती न्हाई आता." जीपजवळ म्हणाली, "डबा नको. रडणं नको."

"रडतंय कोण?" म्हणत मी डबा पुढे केला.

तिने तो घेतला.