भरून ठेवलेले चार चौकोन

बुधवार, होळीच्या आधीचा. जळगाव. हजर: माझी मोठी जाऊ अक्का, त्यांचे यजमान नाना, डॉक्टर आणि वही घेऊन मी.

"ल्युपस आहे," डॉक्टर अक्कांना म्हणाले. "अंगाची राखण करणाऱ्या पेशीच अंगावर उलटल्यात. मूत्रपिंडापर्यंत पोचलंय."

नेहमीच्या गोळ्यांनी आवरलं नाही. मग पुण्यात एका नव्या अँटिबॉडीच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत अक्कांचं नाव घातलं. अँटिबॉडी म्हणजे त्या उलटलेल्या पेशी हुडकून संपवणारं औषध. "माणसाला किती सोसतं, तेच आम्ही अजून पाहतोय," तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. औषधानं अंगाची राखणही कमी होणार. म्हणून गर्दी टाळायची, रोज दोन वेळा ताप मोजून त्यांनी दिलेल्या वहीतल्या चौकोनात लिहायचा, वाढला तर त्याच दिवशी फोन.

पहिला डोस निभावला. गालांवरचे चट्टे फिके झाले.

श्रावणात धुळ्याच्या घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली. सगळे भाऊबंद जमले. नैवेद्याच्या रोटांची कणीक मोठ्या सुनेनं, म्हणजे अक्कांनीच, मळायची. रविवारी सकाळीच मी दोन दिवसांचे चार चौकोन भरून टाकले: ९८.४. रोज तेवढाच असायचा, आणि माझ्या यादीत अजून सतरा कामं होती.

सोमवारी विसर्जनाहून आल्यावर अक्कांचा हात लागला. चटका बसला.

"माले काही व्हयेल नही. चुल्हापुढे बठेल शे मी."

"तुले ताप येवाले येळ तरी शे का?" नाना म्हणाले. मीही हसले. थर्मामीटर कपाटातच राहिलं.

मंगळवारी पुण्यात दुसरा डोस. अंग मोडतंय म्हणून अक्कांनी पहाटे गुपचूप तापाची गोळी घेतली होती. त्यामुळे तिथल्या तपासणीतही ताप दिसला नाही. दुपारी हुडहुडी भरली, रक्तदाब घसरला, आयसीयूत हलवलं.

डॉक्टरीणबाई माझी वही घेऊन बाहेर आल्या. "ताप औषधानं आला की आधीच होता, त्यावर उपचार ठरतील. सोमवारी ९८.४. बरोबर?"

नाना माझ्याकडे बघत होते.

"मोजलाच नव्हता. रविवारीच लिहून ठेवला. सोमवारी हात गरम होता."

त्या रागावल्या नाहीत. वळून नर्सला म्हणाल्या, "जंतुसंसर्ग धरून चला. अँटिबायोटिक आत्ता सुरू करा." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी अशी वही आली, तर चौकोन रिकामा राहू द्या. न मोजता भरू नका.

आज आयसीयूतला तिसरा दिवस. चारही आकड्यांवर एकेक रेघ मारून शेजारी 'मोजला नाही' लिहिलं, सही केली. खाली पेशंटची सही हवी. अक्कांनी अजून डोळे उघडलेले नाहीत.