हरिप्रियाचा भरलेला डबा

राजमला सहसा कशाची किळस यायची नाही. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तिनं काढलं, कधी नाक मुरडलं नाही. पण शाळेतल्या मीटिंगसाठी नवऱ्याची चाललेली तयारी पाहून तिला किळस आली.

भरद्वाज भातगिरणीच्या कचेरीत कारकून. तंजावुरात नवी इंग्रजी शाळा निघाली तशी त्यानं दुसरीतल्या हरिप्रियाला तिथं घातली, आणि तेव्हापासून आपणच शाळेत जात असल्यासारखा वागू लागला. "आता देश बाहेरच्या कंपन्यांना उघडलाय, राजम. इंग्रजी नसेल तो मेला!" मीटिंगच्या आदल्या दिवसापासून आरशासमोर उभा राहून त्याचं "थँक यू, मॅडम" घोकणं चालू होतं, मान वाकवून, दात दाखवून. मानेला पावडर, खिशाला दोन पेनं, मिससाठी जांगिरीची मिठाई. गिरणीच्या मालकापुढंही हा एवढा वाकत नसेल.

"आणि तूं तिथं तोंड उघडूं नको," त्यानं बजावलं.

राजमला एकच गोष्ट विचारायची होती. पोर रोज डबा तसाच परत आणत होती. संध्याकाळी झाकण काढलं की आंबलेल्या दहीभाताचा वास यायचा, पाण्याची बाटलीही भरलेलीच. का म्हणून विचारलं की मान खाली. पोरीच्या गालांची हाडं वर आली होती, आणि बापाला पडलं होतं रँकचं.

शाळेच्या व्हरांड्यात हरिप्रियाला बाकावर बसवून दोघं आत गेली. अखिला मिस तरुण होती, चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखं हसू. भरद्वाजनं मिठाई पुढं सरकवली आणि मिस जे म्हणेल त्याला "येस मॅडम, येस मॅडम" करत सुटला. त्याच्या तोंडावर पदर टाकावा असं राजमला झालं.

शेवटी न राहवून तिनं त्याला कोपरानं ढोसलं. "अहो, लेंकरूं जेवत कां नाही तें विचारा की!"

तंजावुरातल्या मराठी घरांची ही जुनी खोड. चारचौघांत गुपित बोलायचं तर आपली भाषा. इथं कुणाला काय कळणार! भरद्वाजही हसू न ढळू देता त्याच भाषेत म्हणाला, "उगी राहा. हिला डिवचलं तर पोरीवर डूख धरेल. असल्या बायांना गोड चारून गप्प ठेवायचं असतं."

मिसचं हसू मावळलं. दाराकडं एकदा पाहून घेऊन ती हळूच बोलली, आणि तीही मराठीत.

"एकदा वर्गात तिचे कपडे ओले झाले, अक्का. बाहेर जायचं इंग्रजीत विचारतां येत नाही, तमिळ बोललं तर इथं शिक्षा. तेव्हापासून ती खातपीत नाही. म्हणजे विचारायला नको."

भरद्वाज पांढराफटक पडला. राजम मात्र मिसकडंच बघत राहिली. "तुम्ही आपल्यातल्या? मग आपल्या भाषेत तिला जवळ कां नाही घेतलं?"

"माझं माहेर पापनाशमचं, मराठीच. पण इथं कुणाला ठाऊक नाही." मिसनं नजर मिठाईकडं वळवली. "मलाही नोकरी टिकवायची आहे."

राजमला शिसारी आली. घरी मराठी, वर्गातली मिसही मराठी, आणि मधे एवढीशी पोर तहानेनं सुकतेय! थू तुमच्या जिंदगीवर, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. ती उठून बाहेर गेली.

व्हरांडा पालकांनी भरला होता. राजम पोरीपुढं बसली, बाटलीचं झाकण काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पी, कण्णू, माझ्या बाळा. पोटभर पी. आणि शू लागली तर आपल्या भाषेत ओरडून सांग, मी बघतें कोण..."

हरिप्रियानं घाबरून इकडंतिकडं पाहिलं आणि झटकन आईच्या तोंडावर हात दाबला.

नवऱ्याची ताकीद राजमनं झुगारली होती. हा हात तिला बाजूला करवेना.