जाते, येते

अंदमानला निघताना घाईत मी आईला फोनवर ‘जाते’ म्हणाले. ‘जाते नाही गं, येते म्हण!’ ती ओरडली, आणि रेंज गेली.

आता एका आडवळणाच्या बेटाकडे निघालेली होडी लाटेवर चढून धाडकन आपटत होती, आणि ‘येते’ म्हणायचं राहूनच गेलं होतं. प्रसिद्ध किनारे सोडून इथे कशाला तडमडलो? नवरा होडीची कड घट्ट धरून बसला होता.

धक्क्यावर एका अनोळखी बाईने हात देऊन मला वर ओढलं. ‘आ गई?’ तिने विचारलं, मी सकाळीच इथून गेले असल्यासारखं. जिथे कुणीच आपली वाट पाहत नाही, तिथे हे ऐकायलाच माणूस जात असेल का?

परतताना समुद्र तसाच खवळलेला होता. होडीत उतरताना त्याच बाईने पुन्हा हात दिला; तो सोडवेना.

‘येते,’ मी मराठीतच म्हणाले.