किशला मराठी येत नाही

सावद्याच्या पाचपांडे गुरुजींचा क्षितिज लंडनला एमबीए करायला गेला, हे खरं. कॉलेज वेम्बलीत साडीच्या दुकानावर होतं, हेही खरं, पण ते गुरुजींना कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं सगळं क्षितिजने रचलेलं. ‘हॉस्पिटल लाइनमध्ये ॲडमिनिस्ट्रेशन बघतो’ असं तो फोनवर म्हणाला आणि गुरुजींनी ते संध्याकाळच्या आत एसटी स्टँडपर्यंत पोचवलं. ईलिंगच्या मराठी मंडळात गणपतीला प्रसाद वाटताना त्याने त्याचंच ‘हेल्थकेअर मॅनेजमेंट’ केलं. गावाकडे त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली होती, ती या मॅनेजमेंटच्या जोरावर.

प्रत्यक्षात तो एका केअर होममध्ये केअर असिस्टंट होता. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, आणि ज्याचं नाव घेतानाही सावद्यात नाकाला रुमाल लावतात ते धुवायचं. घरी ज्याने स्वतःचं ताट कधी विसळलं नाही, त्याने पहिल्यांदा एका गोऱ्या आजोबांना पुसलं तेव्हा पूर्ण वेळ भिंतीवरच्या बोटीच्या चित्राकडे बघितलं. त्याला शिकवणारी मार्शा ही जमैकाची, वीस-बावीस वर्षं याच कामात मुरलेली. ती म्हणाली, बोटीला आंघोळ नकोय, डार्लिंग, इकडे बघ.

पगार तासाला साडेपाच पाऊंडसुद्धा भरत नव्हता. कायद्याने याहून कमी देता येत नाही म्हणून तेवढा तरी. या कामाच्या परीक्षेचं, एनव्हीक्यू लेव्हल टूचं, सर्टिफिकेट मिळालं की पंचवीस पेन्स वाढणार होते. गुरुजी पगाराला ऐंशीने गुणून रुपये करत आणि खूश होत. क्षितिज खोलीभाडं आणि बसपास वजा करी आणि विषय बदली.

आणि मग तिथे डॉक्टर पद्माकर साठे राहायला आले. साठच्या दशकात पुण्याहून येऊन ज्यांनी इथल्या हॉस्पिटलात जन्म घालवला, ते हे भूलतज्ज्ञ. स्मृतिभ्रंशाने त्यांचं सगळं एकेक करून गळत होतं, आणि सर्वांत आधी गळालं ते इंग्रजी. उरली ती फक्त सदाशिव पेठेतली स्वच्छ मराठी.

मार्शाने साहजिकच क्षितिजला हाक मारली. बॅजवर त्याचं नाव ‘किश’ होतं. हे काय म्हणतायत रे, तिने विचारलं. डॉक्टरांची मुलगी स्वाती मंडळाची खजिनदार. ती दर रविवारी येते, हे कळल्यावर क्षितिजने रविवारची ड्यूटी आधीच बदलून घेतली होती. आता एक वाक्य मराठीत बोललं की मार्शा कौतुकाने तिला सांगणार, ती मंडळात सांगणार, आणि मंडळातून सावदा काही लांब नाही.

‘‘वेगळी भाषा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘इंडिया फार मोठा आहे.’’

तीन आठवडे इंडिया मोठाच राहिला. डॉक्टर पाणी मागत, त्यांना चहा मिळे. पंखा बंद करा म्हणत, त्यांना ब्लँकेट मिळे. क्षितिज ट्रॉली ढकलत बाजूने जाई. मात्र थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून पंखा बंद करी, आणि एवढ्यावर मनाचं समाधान करून घेई.

एका बुधवारी जेवणाच्या हॉलमध्ये डॉक्टर खुर्चीतून उठू लागले. मार्शाने प्रेमाने बसवलं. पुन्हा उठले, पुन्हा बसवलं. मग त्यांनी चौफेर बघितलं आणि त्या सगळ्या गोऱ्या तोंडांतून नेमकं क्षितिजकडे वळून, हळू आवाजात, चारचौघांत बोलायची नाही ती गोष्ट सांगावी तसं म्हणाले, ‘‘अहो, जरा ऐकता का? मला लघवीला जायचंय.’’

क्षितिजने ताटल्या गोळा केल्या. मार्शा सात-आठ पावलांवर उभी होती. एक ताटली, दुसरी ताटली. डॉक्टरांनी पुन्हा ‘अहो’ म्हटलं. मग म्हटलं नाही. राखाडी पँट खाली काळी पडत गेली.

किश, तू यांना घे, मार्शा म्हणाली.

बाथरूमचं दार लावून त्याने त्यांचे कपडे उतरवले. डॉक्टर दोन्ही हातांनी स्वतःला झाकत होते आणि रडत होते. ‘‘माफ करा हं,’’ ते म्हणाले. ‘‘मी सांगितलं होतं हो. कुणाला ऐकूच गेलं नाही.’’

या वेळी भिंतीवर बोटीचं चित्रही नव्हतं.

‘‘मला ऐकू गेलं होतं, डॉक्टर,’’ क्षितिज मराठीत म्हणाला.

डॉक्टर रडायचे थांबले. ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत, मराठी माणूस मराठी माणसाला विचारतो तेच त्यांनी विचारलं. ‘‘कुठले तुम्ही?’’

‘‘सावद्याचा.’’

‘‘आडनाव?’’

त्याने सांगितलं. उघड्या अंगाने, पाय टबात, डॉक्टर समाधानाने मान हलवत राहिले. कोमट पाणी घालताना क्षितिज बोलत होता, केळीबद्दल, रावेरच्या उन्हाबद्दल. दार उघडलं तर टॉवेल घेऊन मार्शा उभी. किती वेळ, देव जाणे.

‘‘म्हणजे इंडिया तेवढा मोठा नाहीये,’’ ती म्हणाली, आणि पुढच्या रविवारी त्याची ड्यूटी लावली.

स्वातीने त्याला ओळखलं आणि विचारलं, ‘‘अरे क्षितिज, तू इथे कुणाला भेटायला?’’ त्याच्या अंगावर कामाचा जांभळा डगला, हातात हातमोजे. तो म्हणाला, ‘‘भेटायला नाही. बाबांना आंघोळ मीच घालतो.’’ ती काही उपहासाचं बोलेल म्हणून त्याने खांदे आवळून धरले होते. पण ती त्याचा हातमोज्यातला हात धरून रडायलाच लागली. आम्ही काळजीत होतो रे, यांचं बोलणं इथे कुणाला कळणार म्हणून. मंडळात सगळ्यांना सांगते मी.

मग तिने मार्शाला विचारलं, हा पहिल्या दिवसापासून आहे का.

मार्शाने क्षितिजकडे बघितलं. तो टॉवेलची घडी घालत होता, जी आधीच घातलेली होती.

‘‘हो,’’ मार्शा म्हणाली. ‘‘पहिल्या दिवसापासून इथेच होता.’’

त्यात खोटं काहीच नव्हतं. क्षितिजने मान वर केली नाही.