चुकीच्या नंबरावर आलेलं बेसणं

तरु, तुला मराठी वाचता येत नाही हे एक बरं आहे. नाहीतर पहिल्याच ओळीला "माझ्याबद्दल काय लिहायचंय, कमलमासी?" म्हणत तू कागद ओढून घेतला असतास. तू काही मोठी बाई नाहीस, हे मलाही ठाऊक आहे. पण करोनाच्या पहिल्या साली लोकांनी थाळ्या बडवून नर्सबायांना देवी करून टाकलं, आणि देवीला झोप लागते का, हे विचारायला कोणी फिरकलं नाही. म्हणून तुझी गोष्ट सांगतेच. काही चुकलं तर तुझ्या नवऱ्याला, मनुभाईला धर. निम्मी त्याच्याकडूनच काढली आहे.

तर तरुलता मॅकवान. आणंदच्या एका इस्पितळात सिस्टर. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. "अल्या, एवढ्या मिशा ठेवल्यास आणि सुईला घाबरतोस?" असं म्हणेपर्यंत तिची सुई टोचून झालेली असायची. नवऱ्याचं बाप्तिस्म्याचं नाव इमॅन्युएल, पण गल्लीत तेवढा वेळ कोणाला? तो मनुभाई. डेअरीत नोकरीला, स्वभावानेही दुधासारखा.

दुसऱ्या लाटेत वॉर्डात नातेवाइकांना बंदी झाली आणि वॉर्डातला फोन सदा गुंतलेला. तरुने आपला मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि पेशंटच्या कानाला लावायला सुरुवात केली. "बोला, घरी बोला. पण रडायचं नाही, माझा फोन भिजतो." अशाने अर्ध्या जिल्ह्याकडे तिचा नंबर गेला. संध्याकाळी घरोघरी फोनवर तीच सांगायची, "तब्येत स्थिर आहे." असली तरी स्थिर, नसली तरी स्थिर. हळूहळू आवाजातला चढउतार गेला. एकदा मनुभाईने विचारलं, "चहा ठेवू?" तर म्हणाली, "स्थिर आहे." तो हसला, पण ती हसली नव्हती.

त्या वॉर्डात धर्मज गावचे जशभाई पटेल होते. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेला, फार बोलका म्हातारा. त्यांचा स्वतःचा मोबाइल घरी बायकोपाशी, चंचळबेनपाशी राहिला होता. म्हणून ते तरुच्या फोनवरून बोलायचे, आणि मुलाने, धर्मेशने, तो नंबरही 'पप्पा' म्हणूनच ठेवून दिला होता. एका दुपारी जशभाई गेले. तरुने चंचळबेनना फोन लावून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बेन, तुमचा आवाज फार दमलाय. जेवलात का?"

तरु घरी आली, माडीवरच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तशी ती रोजच वेगळी राहायची, घरात संसर्ग नको म्हणून. पण त्या दिवसापासून जेवणाचं ताट दाराशी जसंच्या तसं राहायला लागलं.

"काय झालंय ते तरी सांग," मनुभाई दाराला तोंड लावून म्हणाला.

"काहीच झालं नाही, तेच झालंय. माणूस मेल्याचं मी दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. तिचा नवरा गेला आणि तीच मला जेवलात का विचारते. मला रडूसुद्धा येत नाही, मनु. आत काही उरलेलं नाही. सोमवारी मी वॉर्डात जाणार नाही. कधीच जाणार नाही."

मनुभाईने वॉर्डाचं ऐकलं, पण त्याला धास्ती 'आत काही उरलेलं नाही' याची बसली. हात धुऊन धुऊन तिची बोटं सोललेली, झोप नाही, येशूच्या तसबिरीकडे पाठ करून बसलेली. ही परत पहिल्यासारखी होणार की नाही? त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

आता, माणूस गेल्यावर आमच्याकडे गुजरातेत बेसणं असतं. वर्तमानपत्रात फोटो येतो, वेळ येते, लोक पांढरे कपडे घालून येतात, घडीभर गप्प बसतात, हात जोडतात, निघतात. त्या साली बसायला बंदी, म्हणून फोनवरचं बेसणं सुरू झालं. फोटोखाली लिहायचं, 'चार ते सहा, या नंबरावर.' धर्मेश स्वतः तापाने फणफणलेला. वर्तमानपत्रवाल्याने नंबर मागितला. त्याला वाटलं, पप्पांचा द्यावा, फोन आईपाशीच आहे. त्याने 'पप्पा' उघडलं आणि जो नंबर वर दिसला तो दिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता माडीवर तरुचा फोन वाजला.

"जय श्रीकृष्ण. चंचळभाभी?"

"नाही, मी तरु..."

"हां हां, धाकटी सून ना? हिंमत ठेव, बेटा. देवमाणूस होते." फोन बंद.

लगेच दुसरा. मग तिसरा. बेसण्याची रीतच अशी की दुखवट्यातल्या माणसाला बोलायला लावायचं नाही, आपलं सांगायचं आणि उठायचं. त्यात मागे रांग लागलेली. तरु 'राँग नंबर' म्हणायला तोंड उघडेपर्यंत माणूस गेलेला. शेवटी तिने नाद सोडला आणि मॅकवानांची ख्रिस्ती सून प्रत्येकाला "जय श्रीकृष्ण" म्हणत राहिली.

पण सगळेच काही लगेच उठले नाहीत. घरात कोंडलेल्या माणसांना बोलायला एक नंबर मिळाला होता. एकाने जशभाईंसाठी एक वाक्य खर्च केलं आणि मग सांगितलं, बायको जाऊन पंधरवडा झाला, मुलगा अमेरिकेत, संध्याकाळ झाली की मी कपाट उघडून तिच्या साड्या मोजतो, हे वेडाचं लक्षण आहे का हो? इंग्लंडमधल्या लेस्टरहून एक बाई बोलली, मला पांढरी साडी नेसून फोन करायचा होता, नेसलेय, पण तुम्हाला दिसणार कशी? आणि हुंदक्यातच हसली. तरु ऐकत होती. साड्या मोजणाऱ्याला ती म्हणाली, "मोजा. पण एकटे नका मोजू, शेजाऱ्यांना खिडकीतून हाक मारा." ते ऐकून ती स्वतःच चपापली. आवाज वर गेला होता.

मग मणिफोईचा फोन आला. जशभाईंची थोरली बहीण, धर्मेशची आत्या. कानाने कमी, म्हणून सगळं जग बहिरं समजून ओरडणारी.

"कोण बोलतंय? चंचळ? मी मणिफोई."

"नाही फोई. मी त्यांची नर्स आहे. नंबर चुकून छापलाय."

"काय छापलंय?"

"नर्स! मी नर्स! इस्पितळातली!"

"मग ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला." मग आवाज खाली आला. "म्हणजे शेवटी तू होतीस जशाजवळ?"

"हो."

"काय म्हणाला?"

तरुने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. "थंड छास मागत होते, साधं ताक. डॉक्टर नको म्हणाले. सकाळपासून मागत होते, फोई, आणि मी नंतर देते, नंतर देते म्हणत राहिले. दिली नाही मी."

"छास?" म्हातारी कडाडली. "अगं, त्या मेल्याला जन्मभर छासेने खोकला व्हायचा! आई लपवून ठेवायची, मग चंचळ लपवायला लागली. आता तू. कोणीच दिली नाही त्याला सुखासुखी." आणि ती हसायला लागली, घसा फाटेपर्यंत. तरुलाही हसू फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ ते आलं जे कित्येक आठवडे आलं नव्हतं.

"रड," मणिफोई फोनवरूनच पाठीवर थाप मारल्यासारखं म्हणाली. "बेसण्यात कोणीतरी रडायला हवंच ना? मी इथे एकटीच रडतेय केव्हाची."

मनुभाई खाली चवळी निवडत होता. वर रडण्याचा आवाज आला तसा जिन्यापर्यंत धावला आणि पायरीवर बसून राहिला. दार वाजवलं नाही. शहाणा माणूस.

संध्याकाळी ताट रिकामं झालं. दारातून आवाज आला, "शाकात मीठ नाही. जीभ बाजारात विकलीस का?" त्यानंतर आठवडाभर मनुभाई आनंदाच्या भरात सगळंच खारट करत होता.

धर्मेशचा फोन आला. "सिस्टर, माफ करा. माझ्या फोनमध्ये दोन पप्पा झालेत."

"असू दे," ती म्हणाली. "ताप किती आहे ते सांग आधी."

सोमवारी ती वॉर्डात गेली. एका रडण्याने माणूस बरा होतो असं कोणी समजू नये. बोटं सोलणं थांबायला वर्ष गेलं. नडियादच्या मनाच्या डॉक्टरकडे जा, असं मी कानीकपाळी ओरडले तेव्हा मनुभाई कुजबुजला, "लोक काय म्हणतील, मासी?" मी म्हटलं, अर्धी गल्ली झोपेच्या गोळ्या खाते, म्हणायला जागं आहे कोण? ती गेली. अजूनही गरज पडली की जाते.

एक मात्र राहिलं. तरुचं म्हणणं, त्या संध्याकाळी लोक जे जे बोलले ते चंचळबेनचं होतं, ते तिच्याकडे पडून आहे. धर्मजला जायचं, समोर बसायचं आणि एकेकाचं नाव घेऊन सांगायचं. छासेचंही सांगायचं. बेसण्याला एकटीने जाऊ नये म्हणून मी बरोबर जायचं ठरलं. मग तुझी ड्यूटी आली, मग माझा गुडघा, मग चंचळबेन लेकीकडे गेल्या. आता त्या परत आल्या आहेत, तरु. धर्मजची बस आपल्या कोपऱ्यावरूनच सुटते. आपण अजून गेलो नाही.